हवाईतील ‘मेरी मोनार्क’ हूला महोत्सव : परंपरा, पुनरुज्जीवन आणि पाहुण्या प्रेक्षकाची भूमिका

सारांश

पॅसिफिक महासागरातील हवाई बेटावर हिलो या शहरात दरवर्षी ईस्टरनंतरच्या आठवड्यात ‘मेरी मोनार्क’ हा हूला महोत्सव भरतो. १९६० च्या त्सुनामीने उद्ध्वस्त झालेल्या शहराची अर्थव्यवस्था सावरावी, या व्यावहारिक हेतूने सुरू झालेला हा उपक्रम पुढे हवाईयन भाषा, काव्य आणि नृत्य यांच्या पुनरुज्जीवनाचे प्रमुख केंद्र बनला. प्रस्तुत लेखात हूला या कलाप्रकाराचे स्वरूप, तिच्यावरील निर्बंधांचा इतिहास, महोत्सवाची जडणघडण, त्यातील शोभायात्रा आणि बाहेरून येणाऱ्या प्रेक्षकाचे स्थान यांचा परामर्श घेतला आहे. पर्यटकासाठी सुरू झालेला महोत्सव पर्यटककेंद्री न राहिल्यामुळेच टिकला, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : हूला, कहिको, आउआना, कुमू हूला, मेरी मोनार्क महोत्सव, सांस्कृतिक पुनरुज्जीवन, सांस्कृतिक पर्यटन.

प्रस्तावना

‘हूला’ हा शब्द उच्चारताच गवताचा घागरा, फुलांची माळ आणि समुद्रकिनाऱ्यावर हसतमुखाने नाचणारी तरुणी असे एक चित्र जगभरच्या सामान्य माणसाच्या मनात उभे राहते. हे चित्र विसाव्या शतकातील चित्रपट, जाहिराती आणि पर्यटन व्यवसाय यांनी घडविले आहे. वाइकीकी येथे १९३७ साली सुरू झालेला आणि २००२ पर्यंत चाललेला ‘कोडॅक हूला शो’ हे त्याचे बोलके उदाहरण होय. पर्यटकांना भरपूर उजेडात छायाचित्रे घेता यावीत म्हणून तेथे दिवसा नृत्य सादर होई. नृत्य कशासाठी, तर छायाचित्रासाठी, अशी ही उलटी रचना होती.

हवाईयन समाजाच्या दृष्टीने मात्र हूला म्हणजे इतिहास, वंशावळी, भूगोल आणि देवकथा यांचा जिवंत संग्रह आहे. ज्या समाजाला एकोणिसाव्या शतकापूर्वी लिपी नव्हती, त्याने आपले ज्ञान काव्यात साठविले आणि ते काव्य देहाच्या हालचालींतून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. ही दोन चित्रे परस्परांपासून किती दूर आहेत आणि त्यांतील अंतर एका महोत्सवाने कसे कमी केले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

लेखाची उद्दिष्टे

१) हूला या कलाप्रकाराचे स्वरूप व तिची परिभाषा स्पष्ट करणे.
२) हूलावरील निर्बंध आणि तिचे पुनरुज्जीवन यांचा ऐतिहासिक आढावा घेणे.
३) मेरी मोनार्क महोत्सव व त्यातील शोभायात्रा यांचे स्वरूप विशद करणे.
४) अशा महोत्सवात पाहुण्या प्रेक्षकाची भूमिका काय असावी, याचा विचार मांडणे.

अभ्यासपद्धती

सदर लेखासाठी वर्णनात्मक व ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन दुय्यम साधनांवर आधारलेले आहे. हवाईयन शब्दांचे लेखन उच्चारानुसार देवनागरीत केले आहे.

१. हूला : शब्द हेच अधिष्ठान

हूलाविषयी पहिली समजून घेण्याची गोष्ट अशी की ती मुळात काव्याश्रित कला आहे. ‘मेले’ म्हणजे गीत किंवा काव्य. मेलेवाचून हूला संभवत नाही. नर्तकाचे हात, पावले, दृष्टी आणि कंबरेची गती ही त्या शब्दांच्या अर्थाला साकार करतात. नृत्याविना केलेल्या पठणाला ‘ओली’ म्हणतात. या काव्यात वरवरच्या अर्थामागे दुसरा, दडलेला अर्थ असतो, त्यास ‘काओना’ ही संज्ञा आहे. पावसाचे वर्णन प्रियकराचे असू शकते आणि एखाद्या फुलाचे नाव राजघराण्यातील व्यक्तीकडे निर्देश करू शकते. आपल्या काव्यशास्त्रातील ध्वनीच्या संकल्पनेशी परिचित असलेल्या वाचकास हे समजणे अवघड नाही.

हूलाचे दोन ढोबळ प्रकार मानले जातात. ‘कहिको’ म्हणजे प्राचीन. यात पठण आणि तालवाद्ये यांचीच साथ असते. दोन भोपळे एकावर एक जोडून केलेले ‘इपू हेके’, मुशीच्या कातड्याने मढविलेला ‘पहू’ हा लाकडी ढोल, पिसांनी सजविलेला ‘उलीउली’ हा खुळखुळा, चिरलेल्या बांबूची ‘पुइली’ आणि हातात वाजवायचे गुळगुळीत गोटे म्हणजे ‘इलीइली’, ही त्यातील प्रमुख वाद्ये होत. ‘आउआना’ या शब्दाचा मूळ अर्थ भटकणे. पाश्चात्त्य संपर्कानंतर विकसित झालेल्या या प्रकारात गिटार, उकुलेले आणि गायन यांची साथ असते. उकुलेले हे वाद्यसुद्धा १८७९ मध्ये मदैरा बेटावरून आलेल्या पोर्तुगीज कामगारांनी आणलेल्या छोट्या तंतुवाद्यातून उत्क्रांत झाले आहे. म्हणजे ‘अस्सल हवाईयन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोष्टींतही बाहेरून आलेले आणि आत मुरलेले बरेच काही आहे.

शिक्षणाची व्यवस्था गुरुकुलासारखी आहे. शाळेला ‘हालाऊ’ आणि गुरूला ‘कुमू हूला’ म्हणतात. ‘कुमू’ या शब्दाचे झाडाचे खोड, उगम आणि शिक्षक असे अर्थ होतात. तिन्ही अर्थ येथे सार्थ आहेत. हूलाची अधिष्ठात्री देवता लाका. ज्वालामुखीची देवता पेले आणि तिची धाकटी बहीण हिइआका यांच्या कथाचक्राशी अनेक प्राचीन रचना निगडित आहेत. हिइआकाने पुना भागातील होपोए या सखीकडून हूला शिकल्याची कथा प्रसिद्ध आहे.

२. निर्बंधांचा इतिहास

१७७८ मध्ये कॅप्टन कुक हवाईला पोहोचला, त्यानंतर बाहेरून आलेल्या रोगांनी मूळ लोकसंख्येची भयानक हानी केली. १८९० च्या शिरगणतीत मूळ व मिश्र वंशाचे हवाईयन मिळून सुमारे चाळीस हजार उरले होते. माणसे गेली की त्यांच्याबरोबर पाठांतरही जाते. मौखिक परंपरेच्या दृष्टीने हा आघात दुहेरी होता.

१८२० मध्ये अमेरिकेतून प्रॉटेस्टंट मिशनरी आले. त्यांच्या दृष्टीने हूला ही मूर्तिपूजा आणि अनीती यांची खूण होती. राजप्रतिनिधी काआहुमानू हिने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर १८३० मध्ये सार्वजनिक हूलावर बंदी घातली. १८३२ मध्ये तिचे निधन झाल्यावर बंदी सैल झाली, तरी नंतरच्या कायद्यांनी सशुल्क परवान्याची अट घालून सार्वजनिक सादरीकरणास वेसण घातली. तथापि ग्रामीण भागात आणि काही कुटुंबांत ही विद्या चालूच राहिली.

या पार्श्वभूमीवर राजा डेव्हिड कालाकाउआ (१८३६–१८९१) याचे महत्त्व ध्यानात येते. १८७४ मध्ये तो गादीवर आला. १८८१ मध्ये त्याने जगप्रदक्षिणा केली. असा प्रवास करणारा तो पहिला सत्ताधीश राजा मानला जातो. उसाच्या मळ्यांसाठी मजूर मिळविण्याची शक्यता तपासणे हा त्या दौऱ्याचा एक हेतू होता. या प्रवासात तो कलकत्त्याहून रेल्वेने मुंबईस आला आणि तेथून आगबोटीने इजिप्तकडे गेला. महाराष्ट्रातील वाचकाच्या दृष्टीने हा तपशील लक्षणीय आहे. १८८३ मधील आपल्या राज्याभिषेक सोहळ्यात त्याने हूला जाहीरपणे सादर करविली. त्या कार्यक्रमपत्रिकेतील काही गीते, विशेषतः वंशवृद्धीचे गौरवगान करणारी परंपरागत गीते, आक्षेपार्ह ठरवून मुद्रणकर्त्यांवर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. राजाच्या अभिषेकाची पत्रिका छापणाऱ्यांवरच त्याच्या राज्यात खटला चालावा, ही घटना त्या काळातील सत्तासंतुलनावर पुरेसा प्रकाश टाकते. १८८६ मध्ये पन्नासाव्या वाढदिवसाच्या उत्सवातही त्याने हूलाला मानाचे स्थान दिले. त्याची उत्सवप्रियता पाहून त्याला ‘मेरी मोनार्क’ म्हणजे आनंदी राजा हे टोपणनाव मिळाले. महोत्सवाचे नाव त्यावरूनच आले आहे.

पुढील घटनाक्रम झपाट्याचा होता. १८८७ मध्ये शस्त्राच्या धाकाने लादलेल्या राज्यघटनेने राजाचे अधिकार हिरावले. १८९३ मध्ये त्याची बहीण व वारस राणी लिलीउओकलानी हिला पदच्युत करण्यात आले. १८९६ च्या कायद्याने शाळांतील माध्यम म्हणून इंग्रजी सक्तीची झाली. १८९८ मध्ये अमेरिकेने हवाई सामील करून घेतले आणि १९५९ मध्ये त्यास राज्याचा दर्जा मिळाला. भाषा शाळेतून गेली की काही दशकांत ती घरातूनही जाते. मेले समजणारे लोक कमी झाले आणि हूला ही शब्दांपासून तुटून केवळ दृश्य उरण्याचा धोका निर्माण झाला. वर उल्लेखिलेला छायाचित्रांचा खेळ हा त्याच प्रक्रियेचा भाग होता.

३. महोत्सवाचा उगम आणि वळण

२२ मे १९६० रोजी चिली देशात झालेल्या भूकंपाने उठलेली त्सुनामी महासागर ओलांडून २३ मे रोजी हिलोवर आदळली. शहरात ६१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. १९४६ च्या त्सुनामीची जखम त्या आधीच ताजी होती. किनाऱ्यालगतची वस्ती नष्ट झाली आणि त्यातील मोठा भाग पुन्हा न बांधता मोकळा ठेवण्यात आला. व्यापार खचला.

या परिस्थितीत बेटाच्या प्रशासनप्रमुख हेलेन हेल यांच्या पुढाकाराने १९६३ मध्ये माउई बेटावरील लाहाइना येथील देवमासे-शिकारीच्या स्मृत्युत्सवाचा नमुना पाहण्यासाठी माणसे पाठविण्यात आली. पर्यटक आणणारा असाच एखादा उत्सव हिलोत सुरू करावा, ही कल्पना होती. १९६४ मध्ये पहिला मेरी मोनार्क महोत्सव झाला. त्यात कालाकाउआसारखी दाढी राखणाऱ्यांची स्पर्धा, राज्याभिषेकाचे नाट्यरूप आणि नृत्यमेळावा असे कार्यक्रम होते. चार वर्षांत लोकांचा उत्साह ओसरला.

१९६८ मध्ये डॉटी थॉम्पसन यांनी सूत्रे हाती घेतली. कुमू हूला जॉर्ज नाओपे यांच्या साहाय्याने त्यांनी महोत्सवाचा रोख बदलला. पर्यटकाला काय आवडेल, या प्रश्नाच्या जागी कालाकाउआने काय जपले, हा प्रश्न आला. १९७१ मध्ये हूला स्पर्धा सुरू झाली, त्या वेळी ती केवळ स्त्रियांसाठी होती. १९७६ पासून पुरुषांच्या हालाऊंना प्रवेश मिळाला. पुरुषांनी हूला करणे हे पर्यटनी चित्रात बसत नव्हते, परंपरेत मात्र ते पूर्वापार होते. त्यामुळे हा निर्णय परंपरेच्या एका विस्मृत अंगाचे पुनर्स्थापन ठरला.

हा काळ व्यापक जागृतीचाही होता. १९७८ मध्ये हवाईयन ही इंग्रजीबरोबर राज्याची अधिकृत भाषा झाली. १९८० च्या दशकात हवाईयन माध्यमाच्या बालशाळा सुरू झाल्या. स्पर्धेसाठी मेलेचा अर्थ जाणणे आवश्यक झाल्याने तरुण नर्तक भाषेकडे वळले आणि भाषा शिकलेल्यांना हूलामध्ये तिचा वापर करण्यास व्यासपीठ मिळाले. भाषा आणि नृत्य यांनी परस्परांना आधार दिला, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

४. महोत्सवाचा सप्ताह

महोत्सवाचा आरंभ ईस्टर रविवारी होतो. मुख्य कार्यक्रम ज्या प्रेक्षागारात होतात त्यास ईडिथ कानाकाओले (१९१३–१९७९) यांचे नाव दिलेले आहे. कुमू हूला, गीतकार व शिक्षिका असलेल्या या विदुषीची प्रतिमा २०२३ मध्ये अमेरिकेच्या पाव डॉलरच्या नाण्यावर झळकली. ज्या विद्येवर एके काळी बंदी होती, तिच्या उपासिकेला त्या देशाच्या नाण्यावर स्थान मिळाले, ही गोष्ट प्रतीकात्मक मानावी लागेल.

बुधवारी ‘होइके’ नावाचे विनामूल्य प्रदर्शन असते. त्यात स्पर्धा नसते. पॅसिफिकमधील अन्य बेटांचे व परदेशांतील पाहुणे समूहही यात सहभागी होतात. गुरुवारी ‘मिस अलोहा हूला’ ही एकल स्त्री-नर्तकांची स्पर्धा, शुक्रवारी समूहांची कहिको आणि शनिवारी रात्री आउआना अशी रचना आहे. सादरीकरणाचे मूल्यमापन केवळ हालचालींवरून होत नाही. मंचावर येतानाचे ‘काई’, मुख्य रचना आणि परततानाचे ‘होई’ हे तिन्ही टप्पे, तसेच पठण, मुद्राभिनय, हात, पावले, वेशभूषा यांचा स्वतंत्र विचार होतो. मेलेचा अर्थ व संदर्भ हालाऊने अगोदर सादर करावयाचा असतो. थोडक्यात, नृत्याच्या आधी अभ्यास तपासला जातो.

५. शोभायात्रा

शनिवारी सकाळी हिलोच्या जुन्या बाजारपेठेतून निघणारी शोभायात्रा तिकिटाविना रस्त्यावर उभे राहून पाहता येते. राजा-राणीच्या वेशातील मानकरी, शाळांची वाद्यपथके, सजविलेली वाहने आणि ‘पाऊ’ स्वार स्त्रिया हे तिचे घटक होत.

पाऊ म्हणजे घागरा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हवाईत घोडे आले आणि स्त्रियांनी पुरुषांप्रमाणेच दोन्ही बाजूंना पाय टाकून स्वारी आत्मसात केली. प्रवासातील धूळ-चिखलापासून वस्त्रे वाचावीत म्हणून अंगाभोवती लांबलचक कापड गुंडाळण्याची रीत पडली. हे कापड टाचण्यांऐवजी कुकुईच्या बिया खोचून घट्ट बसविण्याची पद्धत आहे. पुढे या सोयीच्या वस्त्राला समारंभाची प्रतिष्ठा लाभली.

शोभायात्रेत प्रत्येक बेटाची एक तुकडी असते आणि तिचा रंग व खूण ठरलेली असते. हवाई बेटाचा लाल रंग व लेहुआ फूल, माउईचा गुलाबी व लोकेलानी गुलाब, ओआहूचा पिवळा व इलिमा, काउआईचा जांभळा व मोकिहाना, मोलोकाईचा हिरवा व कुकुई, लानाईचा नारिंगी व काउनाओआ वेल, कहोओलावेचा करडा व हिनाहिना आणि नीइहाऊची खूण म्हणजे फुलाऐवजी चिमुकले शिंपले. आठ बेटांचा नकाशाच जणू घोड्यांवरून पुढे सरकतो. ज्याला या खुणा ठाऊक नाहीत त्याला तो केवळ रंगांचा देखावा वाटतो. ज्याला त्या ठाऊक आहेत तो मिरवणूक वाचू शकतो.

हा मार्ग ज्या किनारपट्टीजवळून जातो, तेथील मोकळी हिरवी जागा ही त्सुनामीपूर्वीची वस्ती होय, हेही पाहुण्याने लक्षात ठेवावयास हवे. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या हिलोत मिरवणुकीवर सरी कोसळणे नित्याचे आहे. हवाईयन काव्यात पावसाला ठिकाणागणिक वेगवेगळी नावे आहेत, त्यामुळे स्थानिकांना त्याचे विघ्न वाटत नाही.

६. पाहुण्या प्रेक्षकाचे स्थान

हिलो हे सुमारे ४४ हजार वस्तीचे शहर आहे आणि प्रेक्षागारात काही हजार माणसेच मावतात. अनेक वर्षे तिकिटांसाठी काही महिने आधी टपालाने मागणी नोंदवावी लागे. महोत्सव मोठ्या शहरात, मोठ्या प्रेक्षागारात न्यावा हा व्यापारी दृष्टीने सोपा उपाय होता, पण तो स्वीकारला गेला नाही. दूरचित्रवाणी व आंतरजालावरील प्रक्षेपणाद्वारे तो जगभर पोहोचविला जातो. २०२० मध्ये कोविड साथीमुळे महोत्सव रद्द झाला, तर २०२१ मध्ये तो प्रेक्षकांविना झाला आणि प्रक्षेपणातूनच पाहिला गेला. प्रेक्षकांवाचूनही स्पर्धा घ्यावीशी वाटली, यावरून तिचा खरा उद्देश कोठे आहे ते दिसते.

येथील बहुसंख्य प्रेक्षक नर्तकांचे नातेवाईक, माजी विद्यार्थी आणि जाणकार असतात. बाहेरचा पाहुणा त्यांच्यात येऊन बसतो, तो ग्राहक म्हणून नव्हे. नृत्य चालू असताना उठबस न करणे, प्रखर प्रकाशाची छायाचित्रे न घेणे, भेट मिळालेली ‘लेई’ ही फुलापानांची माळ देणाऱ्यासमोर काढून न ठेवणे, हे शिष्टाचार पाळण्यास सोपे आहेत. यापेक्षा कठीण गोष्ट म्हणजे आपल्याला सर्व काही समजणार नाही, हे मान्य करणे. काओनाने भरलेले काव्य सर्वांसाठी खुले नसतेच. न समजलेल्या गोष्टीला ‘गूढ’ किंवा ‘मोहक’ असे विशेषण लावून मोकळे होण्याऐवजी, ती कोणाला तरी पूर्णपणे समजते आहे आणि तिचा संबोध्य आपण नाही, याचे भान ठेवणे ही प्रेक्षकाची प्रगल्भता होय.

७. काही वादाचे मुद्दे

महोत्सवाविषयी मतभेद नाहीत असे नाही. देवतांना वाहिलेल्या रचनेला गुण कसे द्यावेत, हा पहिला प्रश्न. स्पर्धेमुळे शिस्त व अभ्यास वाढला हे खरे, पण परीक्षकांना रुचेल अशा शैलीकडे झुकण्याचा मोहही वाढतो. काही कुमू हूला याच कारणाने स्पर्धेपासून दूर राहतात. होइकेसारखा स्पर्धारहित कार्यक्रम या दृष्टीने समतोल साधतो.

दुसरा प्रश्न निसर्गाचा आहे. नर्तकांच्या माळा व मुकुटांसाठी डोंगरातील रानातून नेचे, माइले वेल आणि लेहुआ फुले विधिपूर्वक गोळा केली जातात. लेहुआ ही ओहिया वृक्षाची फुले. पुना भागात ओहिया वृक्ष झपाट्याने मरू लागले आणि २०१४ मध्ये त्याचे कारण एक बुरशीजन्य रोग असल्याचे निष्पन्न झाले. रोगाचा प्रसार तोडलेल्या फांद्या व माती यांतून होऊ शकत असल्याने २०१६ मध्ये ओहियाचा वापर टाळण्याचे आवाहन हालाऊंना करण्यात आले. पेले-हिइआकांच्या कथांशी एकरूप झालेले फूलच मंचावर न आणणे ही लहान गोष्ट नव्हती. तथापि ज्या वनाचे गीत गायचे ते वन राहिले पाहिजे, या विचाराने अनेकांनी पर्यायी साहित्य स्वीकारले. परंपरा म्हणजे वस्तूंची पुनरावृत्ती नसून संबंधांची जपणूक असते, हे यातून अधोरेखित होते.

निष्कर्ष

१) हूला ही काव्यनिष्ठ ज्ञानपरंपरा आहे. शब्दांपासून तोडल्यास तिचे केवळ मनोरंजन उरते.
२) हूलावरील निर्बंध आणि भाषेवरील निर्बंध हे एकाच प्रक्रियेचे भाग होते. त्यामुळे दोहोंचे पुनरुज्जीवनही परस्परपूरक ठरले.
३) आर्थिक हेतूने सुरू झालेला उत्सव लोकांचा उत्साह ओसरल्यानंतर सांस्कृतिक हेतूकडे वळला आणि त्यानंतरच तो खऱ्या अर्थाने स्थिरावला. पर्यटनाचा लाभ हे त्याचे उपफल राहिले.
४) पाहुण्या प्रेक्षकाची उपस्थिती स्वागतार्ह आहे, परंतु ती केंद्रस्थानी नाही. पूर्वतयारी, संयम आणि न समजलेल्याविषयी आदर या त्याच्या पात्रतेच्या अटी म्हणता येतील.
५) लोककलांचे महोत्सव आयोजित करणाऱ्या संस्थांनी व महाविद्यालयांनी ‘प्रेक्षकाला काय दाखवावे’ या प्रश्नाआधी ‘कलावंताने काय जाणावे’ हा प्रश्न विचारणे श्रेयस्कर होय.

कालाकाउआचे राज्य त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांत संपुष्टात आले. त्याने राजदरबारात परत आणलेली हूला मात्र दरवर्षी हिलोच्या मंचावर उभी राहते. राज्यसत्ता गमावलेला समाज आपले काव्य सांभाळून स्वतःचे अस्तित्व कसे टिकवू शकतो, याचा हा वस्तुपाठ होय.